खोकल्याची बाटली

"बाबा औषध प्यायले," असं नवरा म्हणाला तेव्हा मी पोळ्या लाटत होते आणि मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. उलट बरंच वाटलं. गावी सासऱ्यांना त्या थंडीत खोकला धरला होता आणि औषध घ्यायचं म्हटलं की ते तोंड फिरवायचे.

"चला, घेतलं एकदाचं," मी म्हटलं.

तो नुसता माझ्याकडे बघत राहिला. पहिल्या पाळीला गेलेला माणूस भर सकाळी घरी का आला, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. विक्रोळीला हायवेपलीकडच्या एका कारखान्यात तो फिटर होता. कारखान्याच्या ऑफिसात गावाहून ट्रंक कॉल आला होता.

"अगं, औषध म्हणजे ते औषध नाही," तो म्हणाला. "फवारणीचं. आंब्यावर मारतात ते."

मी जन्मापासून घाटकोपरची. औषध म्हणजे डॉक्टरच्या कंपाउंडरने बाटलीवर कागदाची पट्टी चिकटवून दिलेलं लाल पाणी, एवढंच मला माहीत. गावाकडे 'अमका औषध प्यायला' असं म्हटलं की ऐकणारा पुढचं काही विचारत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. ही ऐंशीच्या दशकाच्या मध्याची गोष्ट. आमच्या लग्नाला तेव्हा चार-पाच वर्षं झाली होती. कन्नमवार नगरात दोन खोल्या, घरात आम्ही दोघंच. मी म्युनिसिपालिटीच्या शाळेत सकाळपाळीला शिकवायची. त्या दिवशी शाळेला कसलीतरी सुट्टी होती म्हणून घरी सापडले. लाटलेल्या पोळ्या डब्यात भरल्या, शेजारच्या ताईंकडे किल्ली दिली आणि दुपारच्या एसटीने आम्ही निघालो. गाडीत नवरा एकदाच बोलला. "असं करणारा माणूस नाही गं तो," म्हणाला, आणि पुन्हा खिडकीकडे वळला.

तो माणूस कसा होता, ते सांगते. सासऱ्यांची उमेदीची वर्षं गेली परळच्या एका गिरणीत. मागावर होते. चार माग एकटे सांभाळायचे आणि चालत्या मागावर तुटलेला धागा लांबून दिसायचा, अशी त्यांची ख्याती होती. ख्याती म्हणजे निदान ते स्वतः तसं सांगायचे. नोकरी संपल्यावर मुंबईत एक दिवस थांबले नाहीत. सासूबाईंना घेऊन गावी गेले, पडक्या घराची भिंत उभी केली, आंब्याची पाच-सहा कलमं लावली आणि त्यातच रमले. आम्ही कितीदा म्हटलं, या इकडे, राहा चार महिने. सासूबाई लगेच तयार व्हायच्या. हे म्हणायचे, "मुंबय बघून झाली माजी." संपलं.

आम्ही तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात पोचलो तेव्हा ते जिवंत होते. पण ते आमच्याशी बोलत नव्हते. ते कामावर होते.

खाटेवर अर्धवट उठून बसलेले, चेहरा लालबुंद, ओठ कोरडे पडलेले. दोन्ही हातांनी ते पांघरुणावरून काहीतरी वेचत होते. चिमटीत धरायचे, दुसऱ्या हाताच्या चिमटीशी जुळवायचे, पीळ द्यायचे, सोडायचे, की पुढचं. मधूनच ओरडायचे, "धागो तुटलो! बंद कर रे माग, बंद कर!" वॉर्डातली माणसं आपापल्या खाटेवरून बघत होती. पांघरुणावर काही नव्हतं. नवऱ्याने "बाबा" म्हणून हाक मारली तर म्हणाले, "सायबाक सांग, मी हंयच आसंय. जागा सोडूक नाय."

मी घाबरले. मला वाटलं, डोकं गेलं. पण तिथला डॉक्टर, पोरगेलाच होता, पहिलीच नेमणूक असावी, शांतपणे म्हणाला, "हे आमच्या इंजेक्शनमुळे आहे. विषावर उतारा द्यायचा तर तोंड कोरडं पडेपर्यंत, डोळ्यातली बाहुली मोठी होईपर्यंत द्यावा लागतो. त्यात माणूस असा भ्रमतो. उतरेल."

आणले तेव्हा काय अवस्था होती, तेही त्याने सांगितलं. तोंडाला फेस, अंगाला घाम, स्नायू थडथड उडतायत, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. पोट धुऊन काढलं. एक घोटच पोटात गेला होता, दुसरा त्यांनी थुंकला, म्हणून वाचले. "पण या वयात एक घोटसुद्धा थोडा नसतो," तो म्हणाला. मग केसपेपर भरता भरता: "फवारणीच्या दिवसांत येतातच असे पेशंट. म्हातारी माणसं बऱ्याचदा चुकून घेतात. बऱ्याचदा."

त्या दुसऱ्यांदा उच्चारलेल्या 'बऱ्याचदा'त काय होतं, ते आम्हाला समजलं.

घडलं होतं ते असं. मोहर आला होता आणि त्यावर तुडतुडे पडले होते. पाच-सहा कलमांसाठी औषधाचा अख्खा डबा कोण विकत घेणार? सासऱ्यांचा पुतण्या, जो शेजारच्याच घरात राहायचा आणि त्यांची झाडं बघायचा, त्याने एका मोठ्या बागायतदाराकडून थोडं औषध मागून आणलं. आणलं ते खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत. तीच तपकिरी काच, तेच झाकण. कोणी चुकू नये म्हणून त्याने बाटलीवर तांबड्या ऑइलपेंटची मोठी फुली मारली आणि पडवीतल्या फळीवर, अगदी वर, ठेवली. सासऱ्यांची खरी खोकल्याची बाटलीही त्याच फळीवर होती. सकाळी उबळ आली. सासरे उठले, बाटली काढली, तोंडाला लावली. सर्दीने नाक बंद, त्यामुळे वासही आला नाही.

पुतण्या रडत रडत हे सगळं सांगत होता. "मी बाटलीत भरूक नको होता," एवढंच पुन्हा पुन्हा. पण गावाने त्याला दोष दिला नाही. गावाचं बोट दुसरीकडेच होतं. बाटली फळीवर ठेवताना सासरे समोर उभे होते. 'वर ठेव, हात लागूक नको कोणाचो,' असं त्यांनीच सांगितलं होतं. आणि तांबडी फुली तर आंधळ्यालाही दिसेल अशी. मग चूक झाली कशी? दवाखान्यात भेटायला आलेला प्रत्येक जण केळी ठेवायचा, सासऱ्यांच्या कपाळाला हात लावायचा आणि जाताना सासूबाईंकडे एक नजर टाकून जायचा.

सासूबाई एरवी धडधडीत बोलणाऱ्या. त्या खाटेच्या पायथ्याशी लुगड्याचा पदर तोंडाला लावून बसून होत्या. 

भ्रम उतरला तसे सासरे शुद्धीवर आले आणि पहिलं काम त्यांनी केलं ते चिडण्याचं. हवालदार जबाब घ्यायला आला होता. अशा केसमध्ये यावंच लागतं. बिचारा समजूतदार होता, स्टूल ओढून बसला.

"आजोबा, घरात काही वादबिद?"

"पन्नास वर्सां संसार केलंय," सासरे खरखरीत आवाजात म्हणाले. "वाद नाय तर काय भजन करतलंय?"

वॉर्डात दोघं-तिघं हसले. हवालदारही हसला.

"तसं नाही, मुद्दाम..."

"खोकलो इलो, औषद घेतलंय. ता भलताच निघाला. लिही."

त्याने लिहिलं. पण गाव हवालदाराच्या कागदावर चालत नाही. दवाखान्यातून सोडलं त्या दिवशी घरी नेताना वाटेत भेटलेल्या एकाने सासऱ्यांच्या पाठीवर थाप मारून सांगितलं, "काका, असा मनाक लावून घेवचा नाय." सासऱ्यांचा चेहरा असा झाला की मला वाटलं, आता हा माणूस इथे राहिला तर या एका वाक्यानेच मरेल.

नवऱ्यालाही तेच वाटलं असणार. "चला आमच्याबरोबर," तो म्हणाला. "ताकद येईपर्यंत तरी." आणि सासरे, ज्यांची मुंबई बघून झाली होती, नुसते "बरा" म्हणाले. झाडं पुतण्याकडे सोपवली. दवाखान्यातून निघताना डॉक्टर डोळ्यांबद्दलही काहीतरी बोलला होता, दाखवून घ्या असं काहीसं. त्या गडबडीत आम्ही ते इंजेक्शनच्या खात्यात टाकलं, कारण इंजेक्शनमुळे काही दिवस अंधुक दिसेल हेही त्यानेच आधी सांगितलं होतं.

कन्नमवार नगरातल्या दोन खोल्यांत चार माणसं म्हणजे तशी गर्दी नव्हे. तिथे त्या काळी एका बिऱ्हाडात आठ-आठ माणसं राहायची. बाहेरच्या खोलीत सासऱ्यांची खाट गॅलरीजवळ लावली. दुपारी शाळेतून घरी यायचे तर सासूबाईंनी जेवण करून ठेवलेलं. कुळथाची पिठी, भात, एखादा सुका बांगडा भाजलेला. लग्न झाल्यापासून मला पहिल्यांदाच आयतं ताट मिळत होतं. खोटं कशाला बोलू, मला ते दिवस आवडायला लागले.

फक्त घरातल्या वस्तू गायब व्हायला लागल्या.

आधी फिनेलची बाटली. मोरीत शोधली, खाटेखाली शोधली, मिळाली नाही. वाटलं, संपली असेल. नवी आणली, तीही दोन दिवसांत नाहीशी. मग ढेकणांवर मारायचं औषध गेलं. मग रॉकेलचा कॅन. स्टोव्ह पेटवायला गेले तर कॅनच नाही. सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "आसतला खंयतरी." एक दिवस तांदळाच्या पिंपात हात घातला, अगदी तळाशी, आणि हाताला काच लागली. दोन्ही फिनेलच्या बाटल्या जुन्या साडीच्या तुकड्यात घट्ट गुंडाळून ठेवलेल्या.

सासरे बाहेर झोपले होते. मी त्या बाटल्या ओट्यावर ठेवल्या आणि सासूबाईंकडे बघितलं. त्या कोथिंबीर निवडत होत्या. हात थांबला.

"आई, हे काय?"

त्यांनी जुडी खाली ठेवली. मग आवाज न करता रडायला लागल्या, आणि रडता रडता सांगितलं. सासरे औषध प्यायले त्याच्या आदल्या संध्याकाळी दोघांचं भांडण झालं होतं. विषय नेहमीचाच, मुंबईला जायचं की नाही. त्यांना मुलाकडे यायचं होतं, ह्यांना नको होतं. शेवटी त्या म्हणाल्या होत्या, "तुमका ऱ्हवाचा तर ऱ्हवा एकटेच. मी जातलंय. मरा हंयच." आणि सकाळी हे.

"मीच बोललंय गो," त्या म्हणाल्या. "माज्या तोंडातसून गेला."

"त्यांनी सांगितलंय ना, चुकून झालं म्हणून."

"ते काय, सांगतले? माका वाचवूक सांगतत. मी ओळखतंय तेंका." पदराने डोळे पुसले. "ती तांबडी फुली केवढी होती म्हायत हा तुका? माज्या हाताएवढी."

 खरं काय, ते मला स्वतःलाच माहीत नव्हतं. म्हणजे त्या बाई गावापासून इथपर्यंत, एसटीच्या त्या सगळ्या प्रवासात, आणि इथे रोज भात-पिठी रांधताना, नवऱ्याने आपल्या शब्दापायी विष घेतलं असं समजून वावरत होत्या. शिवाय तो पुन्हा घेईल म्हणून डोळ्यात तेल घालून बसल्या होत्या. ते मुंबईला यायला 'बरा' म्हणाले, याचाही अर्थ त्यांनी तोच लावला होता.

आमच्या शेजारच्या ताई मूळच्या जालन्याकडच्या. बौद्ध कुटुंब, यजमान रेल्वेत, त्या स्वतः पोस्टात कारकून. सासूबाईंशी त्यांचं पहिल्या दिवसापासून जमलं होतं. दोघींची भाषा एकमेकींना अर्धी कळायची, तरी तासन्‌तास बोलायच्या. त्यांना मी हे सगळं जिन्यात उभ्या उभ्या सांगितलं. त्यांनी हातातली पिशवी पायरीवर ठेवली. मग म्हणाल्या, "माझे वडील तसेच गेले. कपाशीवरचं औषध. तांब्यात कालवून ठेवलं होतं कोणीतरी, शेतातून तहानलेले आले, पाणी म्हणून प्यायले. आमच्याकडेही लोक म्हणाले, मुद्दाम प्यायले. माझी आई सांगून सांगून थकली. तुझे सासरे आहेत तोवर विचारून घे. नीट विचार. आम्हाला विचारायला माणूसच उरला नाही."

पण विचारायचं कसं? सासऱ्याला सून कशी विचारणार, की बाबा, खरं सांगा, मरायचं होतं का? मी दोन-तीनदा मनाशी वाक्य जुळवलं आणि गिळलं.

आणि मग ते विचारावंच लागलं नाही, समोरच्या इमारतीतल्या त्या गृहस्थामुळे.

सासरे आता गॅलरीत खुर्ची टाकून बसायला लागले होते. अंगात ताकद आली होती, चेहऱ्यावर तकाकी. एके दुपारी मी शाळेतून आले, चहा घेऊन त्यांच्याजवळ गेले, तर ते वैतागलेले.

"काय झालं, बाबा?"

"तुमच्या मुंबईची माणसां," ते म्हणाले. "तो समोरचो बघ. रोज उभो ऱ्हवता गॅलरीत, सकाळ नाय, संध्याकाळ नाय. मी चार दिवस झाले हात करतंय. मान पण हलवणा नाय. एवढो कसलो माज?"

मी समोर बघितलं. समोरच्या गॅलरीत कोणीच नव्हतं. खुंटीला एक काळा रेनकोट लटकत होता. पावसाळ्यापासून तिथेच लटकत होता, त्या लोकांनी उचलून आत ठेवलाच नव्हता. वाऱ्याने त्याची टोपी जराशी हलत होती.

"बाबा," मी हळूच विचारलं, "कोणता माणूस?"

"अगो, तो काय! काळो कोट घालून."

मी चहा कठड्यावर ठेवला. आत गेले, कपाटातून शाळेचे खडू काढले, एक पांढरा, एक तांबडा. परत येऊन त्यांच्यापासून चार हातांवर उभी राहिले आणि दोन्ही हात पुढे केले.

"बाबा, यातला तांबडा कुठला?"

"ह्या काय पोरखेळ?"

"सांगा ना."

ते माझ्या हातांकडे बघत राहिले. नजर हातांच्या जरा बाजूला होती, ते मला आता दिसलं. मान तिरकी करून, एक डोळा बारीक करून ते बघत होते. मग त्यांनी मान खाली घातली.

"हातात काय असा, ताच दिसणा नाय," ते म्हणाले.

मागे भांडं पडल्याचा आवाज झाला. सासूबाई दारात उभ्या होत्या.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"झाली दोन-तीन वर्सां."

"दोन-तीन वर्सां! आणि माका सांगूक नाय?"

"काय सांगतलंय?" सासरे एकदम आवाज चढवून म्हणाले. "माज्या बापाशीचे डोळे असेच गेले. गावाक एक वैदू इलो, सुई घातल्यान, होता ता पण गेला. मग बसवन ठेवल्यानी तेका पडवीत, पोत्यासारको. माका पण तसाच बसवतले असते तुम्ही. झाडाकडे जावक देवचे नाय, एसटीत बसूक देवचे नाय. वाट पायाक म्हायत होती, माणूस आवाजावरना कळता. चलला होता माजा."

"आणि ती बाटली?" सासूबाईंनी विचारलं. "ती फुली?"

"कसली फुली?" ते म्हणाले. "माका फुली दिसली असती तर प्यायलो असतंय मी? येडो आसंय?"

सासूबाई जिथे उभ्या होत्या तिथेच खाली बसल्या. आधी मला वाटलं, रडतायत. खांदे हलत होते. मग कळलं, हसतायत. हसता हसता रडत होत्या, रडता रडता शिव्या देत होत्या. "मेल्या, आंधळ्या," त्या म्हणाल्या. पन्नास वर्षांत मी काय, कोणीच त्यांना नवऱ्याला असं बोलताना ऐकलं नसेल. "आंधळ्या, माजो जीव घेतलंस रे!"

सासरे गोंधळून माझ्याकडे, म्हणजे माझ्या जरा डाव्या बाजूला, बघत होते. "हिका काय झाला?"

मी सांगितलं. आता सून म्हणून संकोच करायची वेळ राहिली नव्हती. तांदळाच्या पिंपापासून रॉकेलच्या कॅनपर्यंत सगळं सांगितलं. ते ऐकत गेले तसा त्यांचा चेहरा उतरत गेला. हवालदारावर चिडले होते, त्या पाठीवर थाप मारणाऱ्यावर चिडले होते, पण घरातच कोणीतरी असं समजून बसलंय, हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं. ते उठले, हाताने भिंत चाचपत दारापर्यंत आले आणि सासूबाईंच्या शेजारी जमिनीवर बसले.

"तुज्या बोलण्यान मी मरतलंय?" ते म्हणाले. "मग आजपर्यंत किती येळा मरूक होया होतंय."

शेजारच्या ताई आवाज ऐकून धावत आल्या होत्या. त्यांना मी दारातच सांगितलं, समजलं सगळं, त्यांना दिसतच नाही, मोतीबिंदू असणार. त्यांनी डोळे मिटून हात जोडले. मग आपल्या घरी जाऊन मूठभर साखर आणली आणि सगळ्यांच्या हातावर ठेवली.

संध्याकाळी नवरा कामावरून आला तो घरात हसण्याचा आवाज ऐकून दारातच थबकला. त्याला सगळं सांगितलं तर आधी कपाळावर हात मारून घेतला. मग बूट न काढताच वडिलांसमोर जाऊन बसला आणि म्हणाला, "बाबा, उद्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं. नाही म्हणायचं नाही."

"नाय म्हणूक नाय," सासरे म्हणाले.

घाटकोपरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, एका डोळ्यातला मोतीबिंदू पूर्ण पिकलाय, दुसऱ्यातला पिकत आलाय. वैदूची सुई नाही, काही नाही, आठवडाभर पडून राहायचं, बस्स. पहिल्या डोळ्याचं ऑपरेशन थंडी सरायच्या आतच झालं. हालायचं नाही, खोकायचं नाही, असं बजावलं होतं. सुदैवाने तोवर खोकला गेला होता. सासूबाई डोक्याशी बसून राहायच्या आणि त्यांनी मान हलवली की ओरडायच्या. नर्सपेक्षा यांचाच धाक जास्त. हिरव्या पट्टीतून मोकळे झाले, मग काळा गॉगल आला. तो घालून ते गॅलरीत बसले की जिन्यावरची पोरं त्यांना 'हिरो' म्हणायची. त्यांना ते आवडायचं.

मग एक दिवस जाड भिंगांचा चष्मा आला.  दुकानातून घरी येताना ते रिक्षातून हायवेकडे बघत होते, पलीकडे खाडीच्या बाजूला हिरवंगार दिसत होतं तिकडे बघत होते, पाट्या वाचत होते ओठ हलवून. घरी आल्यावर मी पाण्याचा तांब्या पुढे केला, तर तांब्या घ्यायचा सोडून माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

"तुका हनुवटीर तीळ असा?"

"आहे ना. जन्मापासून."

"माका कोणी सांगूक नाय," ते म्हणाले. मग सासूबाईंकडे वळून: "आणि तू म्हातारी कधी झालंस?"

"तुमी बघूक नसल्यात तेवां," सासूबाई म्हणाल्या.

पुतण्या त्या वर्षीचे आंबे घेऊन आला तेव्हा सासऱ्यांनी त्याला समोर बसवून चष्मा चढवला. तो पोरगा महिनोन्‌महिने कोणाच्या नजरेला नजर देत नव्हता. "माजे डोळे गेले होते, तुजो काय दोष?" ते म्हणाले. "पण आता औषद बाटलीत भरू नको. डब्यात तसाच ठेव, आणि डबो घरात नको. झाडांकडच्या मांगरात ठेव, कुलूप लावून." पुतण्याने मान हलवली. गावात जाऊन त्याने सगळ्यांना मोतीबिंदूची गोष्ट सांगितली असणार, कारण पुढच्या वेळी गावी गेलो तेव्हा पाठीवर थाप मारणारा तोच माणूस सासऱ्यांना स्वतःच्या आईचे डोळे दाखवायला घेऊन आला.

पावसाळा संपल्यावर दुसऱ्या डोळ्याचंही ऑपरेशन झालं. त्यानंतरची कित्येक वर्षं दोघं मोहरापासून आंबे उतरेपर्यंत गावी आणि बाकी आमच्याकडे असे राहिले. मुलगी झाली तेव्हा ती आमच्यापेक्षा त्यांच्याच अंगाखांद्यावर वाढली. सासूबाईंना मुंबई मिळाली, सासऱ्यांना झाडं. दोघांनाही वाटायचं की आपणच जिंकलो.

एक रविवार मला चांगला आठवतो. सासूबाईंची बहीण कांदिवलीला राहायची. आम्ही सोडतो म्हटलं तर सासरे म्हणाले, "पाटये माका वाचूक येतत. आम्ही जातलंव." गेले. संध्याकाळ झाली तरी पत्ता नाही. नवरा गॅलरीत येरझाऱ्या घालायला लागला. दिवेलागणीला खालून आवाज आला, दोघांचा एकदमच. सासूबाई म्हणत होत्या, चुकीच्या बसमध्ये बसवलंत, अर्धी मुंबई फिरवलीत, पाय मोडले माझे. सासरे म्हणत होते, बस बरोबर होती, तूच एक स्टॉप आधी उतरलीस, आणि उतरायच्या आधी विचारलंस का मला? जिन्याच्या प्रत्येक पायरीवर भांडण नव्याने सुरू होत होतं. ताईंनी दार उघडून बघितलं, हसल्या आणि पुन्हा लावून घेतलं.

नवरा म्हणाला, "आले."

मी चहाचं आधण ठेवलं.